लक्ष्यवेधी पिस्तुलाचे वंगण

लक्ष्यवेधी पिस्तुलाचे वंगण म्हणजे नेमबाजीच्या क्रीडाप्रकारांत वापरल्या जाणाऱ्या लहान व्यासाच्या पिस्तुलाच्या, एकमेकांवर घासणाऱ्या भागांना लावले जाणारे तेल किंवा ग्रीस. ते कोणते निवडावे, कोठे लावावे आणि किती लावावे यांचाही विचार या विषयात होतो. या लेखात प्रामुख्याने ०.२२ इंच (सुमारे ५.६ मिलिमीटर) व्यासाची काडतुसे वापरणाऱ्या अर्धस्वयंचलित पिस्तुलांची माहिती आहे. बोलण्यात या काडतुसांना 'पॉइंट टूटू' म्हणतात. २५ मीटर पिस्तूल (महिला) आणि २५ मीटर रॅपिड फायर पिस्तूल (पुरुष) हे ऑलिंपिकमधील दोन्ही प्रकार याच काडतुसावर खेळले जातात.

इतर बहुतेक यंत्रांत वंगण कमी पडले की बिघाड होतो. या पिस्तुलात मात्र ते जास्त झाल्यानेही तितक्याच वेळा बिघाड होतो. त्याचे कारण काडतुसाच्या रचनेत आहे.

शब्द आणि पूर्वपीठिका

मराठीत 'वंगण' हा शब्द यंत्रयुगाच्या आधीपासून आहे. बैलगाडीच्या आसाला लावण्याच्या तेलकट द्रव्याला वंगण किंवा ओंगण म्हणत आणि ते लावण्याच्या क्रियेला ओंगणे. गाडीच्या आसासाठी दाट, चिकट व टिकाऊ द्रव्य लागे. एरंडेलासारखी तेले त्यासाठी योग्य ठरत, कारण तेथे भार मोठा आणि गती मंद असते. पिस्तुलाच्या बोल्टची स्थिती नेमकी उलट असते. त्याच्यावरील भार अल्प असतो, पण गती जास्त असते आणि हालचाल सेकंदाच्या लहानशा अंशात पूर्ण व्हावी लागते. त्यामुळे गाडीच्या आसाला जे मानवते ते येथे अडथळा ठरते.

मराठवाड्यातील अनेक विद्यार्थ्यांचा पॉइंट टूटूशी पहिला परिचय राष्ट्रीय छात्रसेनेच्या (एनसीसी) रायफलीमुळे होतो. शस्त्र ठेवून देताना नळीला तेलाचा हात द्यायचा आणि गोळीबाराआधी दोरीला बांधलेली चिंधी नळीतून ओढून ते तेल पुसून काढायचे, हा तेथील नियम. पिस्तुलालाही तो लागू पडतो. मात्र छात्रसेनेची रायफल हाताने बोल्ट ओढून चालवली जाते, तर लक्ष्यवेधी पिस्तूल स्वतःच्याच बळावर रिकामे काडतूस बाहेर टाकते आणि नवे आत घेते. या फरकामुळे पिस्तुलाच्या वंगणाचा स्वतंत्र विचार करावा लागतो.

बोल्टला मिळणारे बळ

वाल्थर जीएसपी, पार्डिनी एसपी, हॅमर्ली २०८, मोरिनी अशी प्रसिद्ध पॉइंट टूटू लक्ष्यवेधी पिस्तुले साध्या 'ब्लोबॅक' तत्त्वावर चालतात. यात नळीचे मागचे तोंड कोणत्याही खिट्टीने बंद केलेले नसते. बोल्टचे वजन आणि त्यामागील स्प्रिंग यांनीच ते दाबून धरलेले असते. काडतुसातील दारू जळताच वायू गोळीला पुढे आणि रिकाम्या पुंगळीला मागे ढकलतात. गोळी हलकी असल्याने ती वेगाने निघून जाते. बोल्ट जड असल्याने सावकाश मागे सरकतो, पुंगळी बाहेर फेकतो आणि स्प्रिंगच्या जोराने परत येताना मॅगझिनमधील पुढचे काडतूस कक्षात बसवतो.

या क्रियेसाठी किती ऊर्जा हाती असते याचा अंदाज सोप्या गणिताने करता येतो. स्पर्धेच्या काडतुसातील गोळी सुमारे २.६ ग्रॅमची असते आणि ती सेकंदाला साधारण ३२० ते ३३० मीटर वेगाने, म्हणजे ध्वनीपेक्षा किंचित कमी वेगाने, जाते. तिची गतिज ऊर्जा सुमारे १४० ज्यूल भरते. बोल्टचे वजन २०० ग्रॅम धरले आणि संवेग दोन्हीकडे सारखाच वाटला गेला असे मानले, तर बोल्टच्या वाट्याला जेमतेम दोन ज्यूल येतात. २०० ग्रॅमची वस्तू एक मीटर उंचीवरून खाली पडताना जेवढी ऊर्जा मिळवते तेवढीच ही आहे. एवढ्या ऊर्जेत पुंगळी ओढणे, ती फेकणे, हातोडी मागे रेटणे आणि स्प्रिंग दाबणे ही सर्व कामे उरकावी लागतात.

मोठ्या व्यासाच्या लष्करी पिस्तुलात ही शिल्लक बरीच मोठी असते, म्हणून थोडे दाट ग्रीस किंवा थोडी घाण त्याला सहज पचते. पॉइंट टूटूला ती पचत नाही. बोल्टच्या मार्गावर दाटसर तेल साचले तर बोल्ट पुरता मागे जात नाही. मग पुंगळी दारातच अडकते किंवा पुढचे काडतूस मॅगझिनमधून उचललेच जात नाही. उलट मार्ग पूर्ण कोरडा असेल तर धातूवर धातू घासून तोच परिणाम होतो आणि शिवाय भाग झिजतात. अपेक्षित वंगण या दोन टोकांच्या मध्ये असते, आणि त्याचे प्रमाण बहुतेकांना वाटते त्यापेक्षा बरेच कमी असते.

काडतुसाचे मेण आणि काजळी

पॉइंट टूटू लाँग रायफल हे काडतूस १८८७ मध्ये अमेरिकेत तयार झाले आणि आजही त्याच मूळ रूपात वापरात आहे. त्याची गोळी शिशाची असते आणि तिच्यावर तांब्याचे कवच सहसा नसते. शिसे नळीला चिकटू नये म्हणून गोळीवर मेण किंवा चरबीयुक्त वंगणाचा पातळ लेप दिलेला असतो. म्हणजे हे काडतूस स्वतःचे वंगण स्वतःबरोबर आणते. नवी डबी उघडून काडतूस हाताळल्यावर बोटांना जो चिकटपणा जाणवतो तो याच लेपाचा.

प्रत्येक गोळीबरोबर या मेणाचा काही भाग नळीत पसरतो आणि काही बोल्टच्या तोंडावर व कक्षाच्या कडेवर उडतो. त्यात दारूची काजळी, शिशाचे सूक्ष्म कण आणि ठिणगी-मिश्रणाचा अवशेष मिसळतो. रिमफायर काडतुसात ठिणगी-मिश्रण पुंगळीच्या तळाच्या कडेत पसरलेले असते आणि त्या कडेवर आघात होताच ते पेट घेते. आघाताला ते चटकन प्रतिसाद देईल यासाठी त्यात परंपरेने काचेची बारीक पूड घालण्यात येते. उरलेल्या राळेत ही पूडही असू शकते.

बोल्टच्या मार्गावर भरपूर तेल असेल तर हे सगळे त्यात कालवले जाते. तेल, मेण, काजळी आणि कठीण कण यांचा लगदा तयार होतो, आणि हा लगदा वंगणाचे नव्हे तर पॉलिशच्या लेपाचे काम करतो. कारखान्यात धातूचे पृष्ठ घासून समतल करण्यासाठी तेलात कठीण पूड कालवूनच लेप करतात. दर आठवड्याला शेकडो फैरी झाडणाऱ्या पिस्तुलात असा लेप नकळत तयार होत राहणे हे महागड्या यंत्राचे आयुष्य कमी करणारे आहे. तेलाचा थर फक्त चमक दिसेल इतका पातळ असेल तर काजळी कोरडीच राहते आणि कापडाने पुसली जाते.

नळीचा प्रश्न याहून वेगळा आहे. नळीत मेणाचा समान थर बसल्यावरच गोळ्या एका ठिकाणी लागू लागतात. नळी स्वच्छ करून तेल लावली आणि तशीच वापरली तर पहिल्या काही गोळ्या नेहमीच्या जागेपासून सरकून लागतात, म्हणून सफाईनंतर सरावाच्या काही फैरी झाडूनच नेमबाज निशाणाची जुळवणी तपासतात. कवच नसलेल्या शिशाच्या गोळीमुळे नळीत तांब्याचा थर जमत नाही. त्यामुळे तांबे विरघळवण्यासाठी विकली जाणारी अमोनियायुक्त द्रावणे या पिस्तुलाला लागत नाहीत. ती वापरून नळी 'आरशासारखी' करण्याचा हौशी खटाटोप बहुधा वाया जातो.

वंगणाचे प्रकार

पिस्तुलाबरोबर येणाऱ्या पुस्तिकेत उत्पादकाने सुचवलेले वंगण वापरणे हा पहिला नियम. पुस्तिका हाताशी नसेल तर वंगणाच्या जातींमधील फरक समजून निवड करावी लागते.

पातळ खनिज किंवा संश्लेषित तेल ही बोल्टच्या मार्गासाठी सर्वसाधारण निवड आहे. तेलाचा दाटपणा, म्हणजे श्यानता, आंतरराष्ट्रीय मानकानुसार व्हीजी या अंकाने सांगतात. व्हीजी ३२ याचा अर्थ ४० अंश सेल्सिअसला त्या तेलाची श्यानता ३२ सेंटिस्टोक असते. शिवणयंत्राचे तेल साधारणपणे याहूनही पातळ असते. ते स्वच्छ असते, रंगहीन असते आणि घराघरांत सापडते. फैरी मोजक्या असतील आणि पिस्तूल त्याच दिवशी पुसले जाणार असेल तर ते पुरेसे काम देते. मात्र ते लवकर ओघळते आणि गंजापासून फारसे संरक्षण देत नाही. शस्त्रांसाठी मुद्दाम बनवलेल्या तेलांत गंजरोधक द्रव्ये मिसळलेली असतात. बॅलिस्टॉल हे जर्मन तेल विसाव्या शतकाच्या आरंभापासून या कामी प्रसिद्ध आहे.

ग्रीस म्हणजे साबणासारख्या घट्ट द्रव्यात धरून ठेवलेले तेल. ते ओघळत नाही, म्हणून जेथे दाब जास्त पण हालचाल थोडी असते अशा जागी त्याचा उपयोग होतो. हातोडी आणि चापाची खाच ज्या कडेवर एकमेकांना अडकतात ती कड अशी जागा आहे. काही उत्पादक तेथे मॉलिब्डेनम डायसल्फाइडयुक्त ग्रीसचा टाचणीच्या टोकाएवढा कण सुचवतात. बोल्टच्या मार्गावर मात्र ग्रीस टाळले जाते. ग्रॅफाइटची पूड असलेली वंगणे ॲल्युमिनियमच्या सांगाड्यावर लावू नयेत. दमट हवेत ग्रॅफाइट आणि ॲल्युमिनियम यांच्यात विद्युतघटासारखी क्रिया होऊन ॲल्युमिनियम खवले जाते.

डब्ल्यूडी-४० हे भारतातील प्रत्येक हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे द्रव्य १९५३ मध्ये अमेरिकेत, धातूवरील पाणी हटवण्यासाठी तयार झाले. त्याच्या नावातच हा हेतू आहे. 'डब्ल्यूडी' म्हणजे पाणी विस्थापित करणे आणि ४० हा यशस्वी ठरलेल्या प्रयत्नाचा क्रमांक. पावसात भिजलेल्या पिस्तुलातील पाणी काढण्यास ते उपयुक्त आहे. पण त्यातील बाष्पनशील भाग उडून गेल्यावर मागे राहणारा थर फार पातळ असतो, म्हणून नियमित वंगण म्हणून त्यावर विसंबता येत नाही. मोटारीचे इंजिन ऑइल या कामासाठी दाट पडते. वापरलेले इंजिन ऑइल तर धातूचे कण आणि आम्ले घेऊन येते, म्हणून ते सर्वथा वर्ज्य आहे.

स्वयंपाकघरातील तेले वंगण म्हणून का चालत नाहीत याचे स्पष्टीकरण मराठी घरात सहज सापडते. करडई हे मराठवाड्याचे जुने पीक आहे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने 'परभणी कुसुम' हा करडईचा वाण विकसित केला आहे. करडईच्या तेलात लिनोलिक आम्लाचे प्रमाण मोठे असते. अशी तेले हवेतील प्राणवायू शोषून हळूहळू घट्ट होतात, रेणू एकमेकांना जोडले जातात आणि शेवटी चिवट पापुद्रा तयार होतो. जवसाचे तेल याच गुणामुळे रंग आणि व्हार्निशात वापरतात. कढईच्या बाहेरच्या कडेला बसलेला, घासूनही न निघणारा पिवळसर थर हीच क्रिया दाखवतो. पिस्तुलात हाच थर बोल्टच्या खोबणीत आणि फायरिंग पिनच्या बिळात बसतो.

खोबरेल तेलाचा दोष वेगळा आहे. ते सहसा असे वाळत नाही, पण सुमारे २४ अंश सेल्सिअसच्या खाली गोठू लागते. हिवाळ्यात खोबरेलाची बाटली उन्हात ठेवावी लागते हा अनुभव सर्वांचा आहे. पहाटेच्या सरावात पिस्तुलातील खोबरेल त्याच बाटलीतल्यासारखे वागते.

लावण्याची पद्धत

वंगण लावण्यापूर्वी पिस्तूल रिकामे असल्याची खात्री करणे अनिवार्य आहे. मॅगझिन काढून, बोल्ट मागे ओढून धरून कक्ष डोळ्यांनी पाहावा आणि शक्य तेथे बोटाने चाचपावा. मॅगझिन काढले तरी कक्षात एक काडतूस उरू शकते, ही गोष्ट विसरली गेल्यामुळे सफाईच्या वेळी अपघात होतात. सफाईच्या टेबलावर काडतुसांची डबी ठेवत नाहीत.

घाणीवर तेल घालणे म्हणजे वर सांगितलेला लगदा तयार करणे. म्हणून आधी सफाई, मग वंगण हा क्रम मोडत नाहीत. बोल्टचे तोंड, पुंगळी ओढणाऱ्या आकड्याची खाच आणि कक्षाभोवतीची जागा नायलॉनच्या ब्रशने व कोरड्या सुती कापडाने साफ केली जाते. जुना टूथब्रश या कामाला उत्तम. आकड्याच्या खाचेत मेण घट्ट होऊन बसले की आकडा पुंगळीच्या कडेवर नीट बसत नाही. 'पुंगळी निघत नाही' या तक्रारीचे मूळ पुष्कळदा याच मिलिमीटरभर जागेत असते, आणि नेमबाज मात्र तेल वाढवत राहतो.

नळी साफ करायची असेल तर सळई किंवा दोरी शक्यतो मागच्या बाजूने घालतात. नळीच्या पुढच्या तोंडाची कड ही गोळीला शेवटचा स्पर्श करणारी जागा असते. तेथे सळई घासून कड एका बाजूने झिजली तर गोळीचा समूह कायमचा विसकटतो, आणि ते नुकसान कोणत्याही तेलाने भरून निघत नाही. नळी किती वेळा साफ करावी याबाबत अनुभवी नेमबाजांत एकमत नाही. दर सरावानंतर चिंधी फिरवणारे आहेत, तसेच अचूकता घटल्याशिवाय नळीला हात न लावणारेही आहेत. कक्ष मात्र स्वच्छ आणि कोरडा ठेवावा याबद्दल मतभेद नाही.

त्यानंतर वंगण. तेलाची नळकांडी थेट पिस्तुलावर दाबण्याऐवजी तेलाचा एक थेंब सुईच्या टोकावर, काडीवर किंवा कापडाच्या कोपऱ्यावर घेतात आणि बोल्ट ज्या खोबणीतून सरकतो तिच्या दोन्ही बाजूंना लावतात. बोल्टच्या अंगावर जेथे रंग उडून धातू चकाकत असतो, त्या घर्षणाच्या जागा असतात. वंगण तेथेच लागते, इतरत्र नाही. स्प्रिंगच्या मार्गदर्शक दांड्याला तेलाचे बोट पुरे. बोल्ट दहाबारा वेळा हाताने मागेपुढे केला की तेल पसरते आणि जास्तीचे कडेला येते. ते पुसून टाकतात. स्वच्छ बोट फिरवल्यावर बोटाला चमक दिसावी पण थेंब जमू नये, ही साधी कसोटी आहे.

काही जागा कोरड्याच ठेवायच्या असतात. मॅगझिनच्या आत तेल घातल्यास काडतुसांच्या मेणाशी आणि धुळीशी मिसळून ते काडतुसे वर सरकण्यात अडथळा आणते. फायरिंग पिनचे बीळ कोरडे किंवा जवळजवळ कोरडे असावे, कारण तेथे दाट झालेले तेल पिनचा आघात मंद करते आणि काडतूस पेटत नाही. रिमफायरमध्ये आघाताची ताकद मुळातच मोजूनमापून दिलेली असते. अक्रोडाच्या लाकडाची मूठ तेल शोषते, मऊ पडते आणि हातात सरकते. विद्युत-चाप असलेल्या पिस्तुलाच्या चापाजवळ तेल नेत नाहीत.

यांत्रिक चापाची घडण उघडून तेथे वंगण भरणे हे घरगुती काम नव्हे. २५ मीटर प्रकारात चापाचा किमान भार १,००० ग्रॅम असावा लागतो आणि स्पर्धेपूर्वी तो वजन टांगून तपासला जातो. अडकणाऱ्या कडांवर अयोग्य ग्रीस गेल्यास चापाचा स्पर्श बदलतो. वाईटात वाईट म्हणजे चाप अपेक्षेआधी सुटू शकतो. हे काम शस्त्रदुरुस्तीच्या जाणकाराकडे सोपवतात.

हवामानाचा परिणाम

परभणी जिल्ह्यातील पालम हा तालुका गंगाखेड आणि लोहा यांच्या दरम्यान, गोदावरीच्या खोऱ्यात येतो. येथील जमीन दख्खनच्या बेसाल्टपासून बनलेली काळी, कापसाची. उन्हाळ्यात या जमिनीला भेगा पडतात, वावरे मोकळी असतात आणि वाऱ्याबरोबर बारीक माती उडते. मे महिन्यात परभणी परिसरात पारा ४२ अंशांच्या पुढे जातो, तर डिसेंबर-जानेवारीत काही वर्षी परभणीत किमान तापमान ५ अंशांच्याही खाली नोंदले गेले आहे. एकाच वर्षातील हा चाळीस अंशांचा फरक वंगणाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

व्हीजी ३२ जातीच्या साध्या खनिज तेलाची श्यानता ४० अंशांना ३२ सेंटिस्टोक असली, तरी ५ अंशांना ती सुमारे सात पट होते. मेच्या दुपारी पाण्यासारखे वाहणारे तेल जानेवारीच्या पहाटे काकवीच्या वाटेला लागते. बोल्टला मिळणारे दोन ज्यूल मात्र दोन्ही ऋतूंत जवळपास तेवढेच राहतात. म्हणून हिवाळ्यात पहाटेच्या सरावासाठी अधिक पातळ तेल, किंवा तापमानानुसार कमी बदलणारे संश्लेषित तेल निवडतात. पिस्तूल रात्रभर थंड खोलीत ठेवले असेल तर पहिल्या फैरीआधी बोल्ट काही वेळा हाताने ओढून घेणेही उपयोगी पडते.

उन्हाळ्यात अडचण दाटपणाची नसून धुळीची असते. काळ्या मातीचे बारीक कण तेलावर बसतात आणि काजळीबरोबर मिसळतात. अशा वेळी बाहेरच्या पृष्ठांवर तेलाचा हात देण्याचा मोह टाळावा लागतो. पिस्तूल वापरात नसताना पेटीत बंद ठेवणे आणि फैरींच्या मधल्या विश्रांतीत त्यावर स्वच्छ कापड टाकणे हे तेलाच्या निवडीइतकेच परिणामकारक आहे.

कोकणपट्टी, मुंबई आणि कोल्हापूर येथे परिस्थिती निराळी असते. जून ते सप्टेंबर हवा ओलसर असते आणि मुंबईच्या समुद्राकाठच्या हवेत मिठाचा अंश असतो. तेथे घर्षणापेक्षा गंजाची काळजी मोठी. घामाने ओल्या हाताचे ठसे पोलादावर राहिले तर एका रात्रीत तांबूस डाग उमटतात. म्हणून तेथे प्रत्येक सरावानंतर बाहेरील पोलादी भाग गंजरोधक तेलाच्या कापडाने पुसतात. नळीतही पातळ थर देतात आणि पुढच्या सरावाआधी तो चिंधीने काढतात. पेटीतील स्पंज ओल धरून ठेवतो, म्हणून पावसाळ्यात पेटी अधूनमधून उघडी ठेवून वाळवतात आणि आत सिलिका जेलच्या पुड्या टाकतात.

स्पर्धेतील महत्त्व

आंतरराष्ट्रीय नेमबाजी क्रीडा महासंघाच्या (आयएसएसएफ) नियमांनुसार २५ मीटर पिस्तूल प्रकाराच्या प्राथमिक फेरीत ३० फैरी अचूकतेच्या आणि ३० फैरी जलद टप्प्याच्या असतात. जलद टप्प्यात लक्ष्य तीन सेकंद समोर येते आणि सात सेकंद दूर जाते. नेमबाजाने हात खाली ठेवून वाट पाहायची, लक्ष्य येताच हात उचलायचा आणि एकच गोळी झाडायची. पुरुषांच्या रॅपिड फायर प्रकारात आठ, सहा आणि चार सेकंदांच्या मर्यादेत पाच लक्ष्यांवर पाच गोळ्या झाडाव्या लागतात. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये विजय कुमार यांनी याच प्रकारात रौप्यपदक मिळवले. चार सेकंदांच्या मालिकेत बोल्ट एकदाही रेंगाळला तर मालिका गेली.

पिस्तूल अडकल्यास नियमांत सवलत आहे, पण ती मर्यादित आहे आणि तिला अट आहे. नेमबाजाने पिस्तूल सुरक्षित दिशेने धरून हात वर करायचा आणि अधिकाऱ्याने तपासणी करेपर्यंत बोल्ट उघडायचा नाही. घाईने बोल्ट ओढून काडतूस मोकळे केले तर तो बिघाड 'अमान्य' ठरतो आणि न झाडलेली गोळी शून्य धरली जाते. सरावात अडकलेली पुंगळी झटक्यात काढण्याची सवय लागलेल्या नेमबाजाला ही अट जड जाते. ज्याच्या पिस्तुलात सरावात काहीच अडकत नाही, त्याला ती सवय लागतच नाही.

महाराष्ट्राला २५ मीटर पिस्तूल प्रकाराची चांगली परंपरा आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धेत अनिसा सय्यद यांच्याबरोबर जोडीचे सुवर्णपदक जिंकले. २०१३ मध्ये दक्षिण कोरियातील चांगवॉन येथील विश्वचषक स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक पटकावले. २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत त्या नेमबाजीत सुवर्णपदक मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. त्या अंतिम फेरीत त्यांचे आणि थायलंडच्या प्रतिस्पर्धीचे ३४ गुण समान झाले आणि निर्णय जादा फैरींवर गेला. इतक्या निकट लढतीत एक न सुटलेली गोळी म्हणजे पदकाचा रंग बदलणे होय.

यांत्रिक बिघाडाची किंमत २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्येही दिसली. १० मीटर एअर पिस्तूलच्या प्राथमिक फेरीत मनू भाकर यांच्या पिस्तुलात बिघाड झाला, दुरुस्तीत मोलाची मिनिटे गेली आणि त्या अंतिम फेरीबाहेर राहिल्या. तो बिघाड वंगणाचा नव्हता.

हवेची पिस्तुले

१० मीटर प्रकारातील एअर पिस्तुलांना वरील माहिती जशीच्या तशी लागू होत नाही. आधुनिक एअर पिस्तूल दाबलेल्या हवेच्या टाकीवर चालते. त्यात काजळी नसते आणि पुंगळीही नसते. त्याच्या रबरी कड्यांना उत्पादकाने दिलेले सिलिकॉनयुक्त ग्रीसच लावतात. खनिज तेलामुळे रबर फुगू शकते, आणि उच्च दाबाच्या हवेत तेलाची वाफ पेटण्याचा धोका असतो. टाकीच्या जोडाला चुकूनही साधे तेल लावू नये. जुन्या स्प्रिंगच्या एअर पिस्तुलात नळीमागे तेल गेल्यास दाबामुळे ते पेट घेते आणि छर्रा नेहमीपेक्षा वेगळ्या वेगाने जातो. डिझेल इंजिनात इंधन ज्या कारणाने पेटते त्याच कारणाने हे घडते.

कायदा आणि आरोग्य

भारतात पॉइंट टूटू पिस्तूल बाळगण्यास शस्त्र अधिनियम, १९५९ आणि शस्त्र नियम, २०१६ यांनुसार परवाना आवश्यक आहे. नवे नेमबाज बहुधा क्लबच्या किंवा संघटनेच्या शस्त्रांवर सराव करतात, आणि तेथे वंगण कोणी व कधी लावायचे हे त्या संस्थेच्या शस्त्रागाराचे नियम ठरवतात. भारतीय राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ मध्ये स्थापन झाली. लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर हे तिच्या संस्थापकांपैकी होते आणि राष्ट्रीय स्पर्धेची पात्रता ठरवणारी वार्षिक नेमबाजी स्पर्धा त्यांच्याच नावाने भरते.

पॉइंट टूटूच्या काजळीत शिसे असते. ते काजळीबरोबर कापडावर, ब्रशवर आणि बोटांवर येते. सफाई करताना पातळ हातमोजे वापरतात, काम हवेशीर जागी करतात आणि त्या वेळी खाणेपिणे टाळतात. नंतर हात साबणाने धुतात. वापरलेल्या चिंध्या घरातील पुसण्याच्या फडक्यांत मिसळत नाहीत. लहान मुले वावरतात त्या खोलीत, किंवा स्वयंपाकाच्या ओट्यावर, हे काम करू नये.